मानसशास्त्रज्ञ ‘बुद्धी’ नेमकी कशाला म्हणतात?

खाडीकाठ (गुहागर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. मी दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावरील एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील दहा वर्षांच्या एका मुलाची मध्यंतरी बुद्धिमापन चाचणी झाली आणि पालकांच्या हाती अर्ध्या पानाचा अहवाल पडला: ‘बुद्ध्यंक ८४, सरासरीपेक्षा कमी.’ चाचणी कोणती होती आणि किती वेळ चालली, याचा त्यात उल्लेख नाही. तेव्हापासून घरात त्याला ‘मठ्ठ’ हा शब्द चिकटला असून आता त्याची आजीसुद्धा तो वापरू लागली आहे.

मुलगा वाचनात मागे आहे, हे मी नाकारत नाही. मात्र हाच मुलगा काकांच्या होडीसाठी भरतीची वेळ काढून देतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावर पुष्कळांना ठाऊक असते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार. तो तेवढ्यावर थांबत नाही. आमचा धक्का खाडीत बराच आत असल्यामुळे तेथे पाणी मुखापेक्षा उशिरा चढते, म्हणून आलेल्या वेळेत तो आपल्या अंदाजाने भर घालतो आणि धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवरचे शेवाळ बुडाले की पाणी अजून किती वेळ चढेल, तेही सांगतो.

चाचणीत ‘होडी आणि बैलगाडी यांत सारखे काय?’ असा प्रश्न होता, असे तो म्हणतो. त्याने उत्तर दिले की दोन्ही वाळूत रुतल्या तर ढकलायला माणसे लागतात. हे उत्तर चुकीचे धरले गेले असावे.

मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही. मानसशास्त्रज्ञ बुद्धीची व्याख्या कशी करतात आणि त्या व्याख्येत हे भरतीचे गणित कोठे बसते, एवढेच समजून घ्यायचे आहे.

निवृत्त मास्तर (रत्नागिरी)

बाई, सर्वांना मान्य अशी एकच व्याख्या नाही, हे आधीच सांगून टाकतो. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवताना पहिल्याच तासाला हे सांगितले की मुलांचे चेहरे पडत असत, कारण त्यांना वहीत उतरवून घ्यायला एक वाक्य हवे असे.

१९२१ मध्ये अमेरिकेतील शैक्षणिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने नामवंत तज्ज्ञांना हाच प्रश्न विचारला होता. कोणी अमूर्त विचार करण्याची क्षमता म्हटले, कोणी शिकण्याची क्षमता म्हटले, तर कोणी नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यावर भर दिला. दोनच वर्षांनी एडविन बोरिंग यांनी लिहिले की बुद्धीच्या चाचण्या जे मोजतात ती बुद्धी. हे वाक्य आजकाल थट्टेने सांगितले जाते. बोरिंग यांनी मात्र ते पुढील संशोधनाला काही तरी आधार असावा म्हणून, तात्पुरती अरुंद व्याख्या या अर्थाने मांडले होते.

ज्यांच्यापासून या चाचण्या सुरू झाल्या त्या आल्फ्रेड बिने यांचे म्हणणे आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. शाळेत मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखता यावे, म्हणून त्यांनी थिओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली मोजपट्टी तयार केली. बुद्धीच्या मुळाशी काय आहे, तर योग्य निर्णय करण्याची शक्ती, असे ते मानत. मी वर्गात त्यासाठी ‘तारतम्य’ हा शब्द वापरत असे आणि आजही मला त्याहून नेमका शब्द सापडलेला नाही. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, या कल्पनेला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. मानसिक वयाला (म्हणजे मूल सरासरी कोणत्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवते, त्या वयाला) खऱ्या वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली आणि तो भागाकार १०० ने गुणून लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये बुद्ध्यंक रूढ केला. बिने १९११ मध्येच निवर्तले होते. आपल्याकडे कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, तीही याच मानसिक वयाच्या हिशेबावर चालते.

दुसरी वाट चार्ल्स स्पिअरमन यांची. एका विषयात पुढे असणारी मुले बहुधा इतर विषयांतही पुढे असतात, असे त्यांना १९०४ मध्ये आकडेवारीत दिसले, आणि या सगळ्यांमागे एक सामान्य घटक असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. लुईस थर्स्टन यांना १९३८ मध्ये एकाऐवजी सात प्राथमिक क्षमता दिसल्या. पुढे रेमंड कॅटेल यांनी केलेला भेद मला सर्वांत उपयोगी वाटतो: अनोळखी प्रश्न जागच्या जागी सोडवणारी प्रवाही बुद्धी आणि शिक्षणातून व अनुभवातून साठत जाणारी स्फटिकी बुद्धी. तिथीची पाऊणपट करणे हे साठलेले ज्ञान आहे. परंतु नियम आपल्या धक्क्याला तंतोतंत लागू पडत नाही हे स्वतः ओळखून त्यात दुरुस्ती करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि बिने यांना अभिप्रेत असलेले तारतम्य मला तेथे दिसते.

आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत डेव्हिड वेक्स्लर यांची व्याख्या आढळते: हेतुपूर्वक वागण्याची, तर्कशुद्ध विचार करण्याची आणि आपल्या परिसराशी परिणामकारक रीतीने व्यवहार करण्याची व्यक्तीची एकूण क्षमता. ‘परिसर’ हा शब्द ध्यानात घ्यावा. भरतीचे गणित या व्याख्येत पूर्णपणे बसते. चाचणीच्या तासाभरात ते विचारलेच जात नाही, ही अडचण व्याख्येची नसून मापाची आहे.

बैलगाडीच्या उत्तराबद्दलही थोडे लिहितो. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानातील खेड्यांत गेले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळे काय ते काढा, असे त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना सांगितले. शेतकरी ओंडका बाजूला काढायला तयार होईनात, कारण ओंडक्याशिवाय करवत आणि कुऱ्हाड काय कामाची? ‘ही सगळी हत्यारे आहेत’ अशा वर्गवारीची सवय शाळेतून लागते. आपला विद्यार्थी ‘दोन्ही वाहने’ असे म्हणाला असता, तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

हिशेबी (हर्णै)

सरांविषयी आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. आमच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव पुकारला जातो तेव्हा पाटीतल्या म्हावऱ्याकडे नजर टाकून भाव बोलणारी, पाटीचे वाटे किती होतील आणि वाट्यामागे काय सुटेल याचा हिशेब मनातल्या मनात करणारी माणसे मी रोज पाहतो. त्यांचे कौतुक मलाही आहे, पण कौतुक म्हणजे मापन नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने १९९६ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात बुद्ध्यंक आणि शालेय गुण यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.५० दिलेला आहे. या आकड्याचा वर्ग केला की कळते, गुणांतील फरकांपैकी साधारण चतुर्थांश फरकाचा संबंध बुद्ध्यंकाशी लागतो. उरलेला तीन चतुर्थांश मोठा आहे हे खरे, तरी हा चतुर्थांश टाकून देण्याजोगा नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बुद्धी एक नसून भाषिक, सांगीतिक अशा सात बुद्धिमत्ता असल्याचे मांडल्यापासून प्रत्येक शाळेला आपले प्रत्येक मूल कशात तरी हुशार असल्याचा दाखला मिळाल्यासारखे वाटते. त्या सात बुद्धिमत्ता एकमेकींपासून स्वतंत्र असल्याचा पुरावा मात्र फारच तोकडा आहे.

माझ्या बाजूने न जाणारा पुरावाही येथे द्यायला हवा. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी अचूक केले. तसलेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिल्यावर ७४ टक्के, आणि नुसत्या आकड्यांच्या बेरजा-गुणाकारांच्या रूपात दिल्यावर अवघे ३७ टक्के बरोबर आले.

समुपदेशक (चिपळूण)

ताई, व्याख्येची चर्चा वर सविस्तर झाली आहे; मी फक्त त्या ८४ विषयी लिहिते.

आजच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, त्याचे माप) १५ धरलेले असते. ८५ ते ११५ या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के मुले येतात. आपला विद्यार्थी त्या पट्ट्याच्या काठाला लागून बाहेर आहे, आणि चाचणीत नेहमीच थोडीफार चूक गृहीत धरावी लागत असल्यामुळे ८४ आणि ८७ यांत भेद करणे मला योग्य वाटत नाही. बौद्धिक अक्षमता ठरवताना बुद्ध्यंक सुमारे ७० किंवा त्याहून कमी असावा लागतो, आणि त्याच्या जोडीला दैनंदिन व्यवहारातील जुळवून घेण्याची क्षमताही तपासावी लागते. होडीसाठी वेळ काढून देणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. वाचनात मागे आणि व्यवहारात तरतरीत, असे चित्र असल्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारा अडथळा) आहे का, हे पाहायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. त्यानंतर चाचणीचे नाव, तिची प्रमाणके (ज्यांच्याशी ताडून मुलाचे गुण ठरतात ते इतर मुलांचे आकडे) कोणत्या साली ठरवली गेली ते आणि प्रत्येक उपचाचणीचे गुण लेखी मागावेत. शब्दांच्या आणि ठोकळ्यांच्या उपचाचण्यांत मोठी तफावत असेल, तर त्या दोहोंची मिळून काढलेली एकच संख्या फारसे काही सांगत नाही.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

सर्वांचे आभार. पालकांना बरोबर घेऊन मी उपचाचण्यांचा तक्ता मिळवला. ठोकळ्यांच्या आकृत्यांत त्याचे गुण सरासरीहून चांगलेच वर आहेत, आणि शब्दसंग्रहात तो अगदी तळाशी आहे. प्रश्न प्रमाण मराठीत विचारले गेले आणि तो घरी बोलतो ती बोली निराळी, हेही आता ध्यानात आले. डोळ्यांची तपासणी येत्या सोमवारी आहे.

तक्ता पाहून आजीने विचारले, “ठोकळ्यांत पुढं आहे, तर मग मठ्ठ कसा?” मी तिला सरांचा ‘तारतम्य’ हा शब्द सांगितला. तो तिला नवा नव्हता.

समुपदेशक (चिपळूण)

एवढी तफावत असताना केवळ ८४ लिहून देणे चुकीचे होते. डोळ्यांचा अहवाल आला की कळवावे. त्यानंतर वाचनाची स्वतंत्र तपासणी करून घेऊ, आणि ती करताना त्याची बोली समजणारी व्यक्ती समोर बसेल, एवढे पाहू.