मदत हवी आहे: १८ ट्रकांचा मेंटेनन्स स्वतःच्या शेडमध्ये की बाहेर?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून जेएनपीटी बंदराला माल जातो. ११ गाड्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या), ७ बीएस-४ (जुन्या नियमांच्या). बीएस-६ पैकी ४ वॉरंटीत आहेत. दर गाडीची महिन्याला साधारण ६,००० किमी रनिंग. सध्या सगळं काम बाहेर होतं. आता दोन पर्याय समोर आहेत: स्वतःची शेड टाकून दोन मिस्त्री ठेवायचे, किंवा कंपनीच्या डीलरकडे किलोमीटरच्या दराने एएमसी (वार्षिक देखभाल करार) करायची. १८ गाड्यांना काय परवडेल?

पाना_१७:
दोन मिस्त्री जास्त होतील. प्रत्येक गाडीला महिन्यातून पिटवरची (गाडीखालच्या खड्ड्यातून) तपासणी २ तास आणि किरकोळ कामं ६ तास धरा. १८ गाड्यांचे १४४ तास झाले. एका माणसाचे २६ दिवस गुणिले ८, म्हणजे २०८ तास. एक मिस्त्री, एक हेल्पर पुरे. तासाचा खरा खर्च काढताना पगार, जागाभाडं, वीज आणि पार्ट्समध्ये अडकलेला पैसा हे सगळं *काम झालेल्या* तासांनी भागा, हजेरीच्या तासांनी नको. तिथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

अजून एक. मालवाहतुकीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटीचा पर्याय असेल तर दुरुस्तीच्या बिलावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे बाहेरची मजुरी तेवढी महागच पडते. मिस्त्रीच्या पगारावर जीएसटी नसतो.

घाटउतार:
घरचं की बाहेरचं हे गाडीवर नाही, कामावर ठरवा. भरलेली गाडी कसारा घाट उतरते, त्यामुळे तुमचा पैसा ब्रेकमध्ये जातो. ते काम हातात ठेवा. ब्रेक लायनर बदलताना एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. एस-कॅमच्या (ब्रेक शू पसरवणाऱ्या दांड्याच्या) बुशाचा प्ले आणि रिटर्न स्प्रिंग तेव्हाच बघा. ऑटो स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर झिजतील तसा ब्रेक आपोआप आवळणारा भाग) हाताने आवळून देणारा मिस्त्री ठेवू नका. स्ट्रोक (ब्रेक चेंबरच्या दांड्याची चाल) वाढला असेल तर कारण दुसरीकडे असतं, आवळल्याने ते फक्त झाकलं जातं. हबमध्ये ग्रीस ठासून भरलं की सील गळतं आणि लायनर तेलकट होतात. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे.

इगतपुरीकडच्या पावसात हबमध्ये पाणी जातं, म्हणून हब ग्रीसिंग आणि एअर ड्रायरची (ब्रेकच्या हवेतला ओलावा टिपणारी) कार्ट्रिज मे महिन्यातच उरका.

बाहेर काय द्यायचं? इंजेक्टर, पंप, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एससीआर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे NOx, कमी करणारी यंत्रणा), डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर). साधा स्कॅनर कोड दाखवतो. पण फोर्स्ड रीजनरेशन (डीपीएफमधली काजळी मुद्दाम जाळणं) किंवा डोझरची (धुरात डीईएफ फवारणाऱ्या भागाची) चाचणी यांना बहुधा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, ते शेडमध्ये घेऊन ११ गाड्यांवर वसूल होणार नाही. वॉरंटीतल्या चारही गाड्यांचं शेड्यूल डीलरकडेच.

पाना_१७:
सहमत, पण बरेच डीपीएफ ड्रायव्हरच्या सवयीने तुंबतात. बंदराच्या रांगेत इंजिन तासन् तास चालू राहिलं तर एक्झॉस्ट तापत नाही, काजळी जळत नाही. डीईएफच्या (एससीआरला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या) टाकीत डिझेल किंवा पाणी गेलं तर NOx चा फॉल्ट येतो आणि गाडीची ताकद कमी होते. डीईएफचं नरसाळं वेगळं ठेवा.

धागाकर्ता:
आभारी आहे. एएमसीच्या कागदात काय बघू?

घाटउतार:
आधी वगळलेले भाग वाचा. लायनर, क्लच प्लेट, बॅटरी, रबर बुश बहुतेक वेळा बाहेर असतात, म्हणजे घाटातल्या गाडीचा मोठा खर्च तुमच्याच अंगावर. मग किमान किलोमीटरची अट. दिवाळीनंतर गाड्या उभ्या राहिल्या तरी बिल येणार का? ब्रेकडाउनला किती तासांत माणूस येईल हे लिहून घ्या, आणि त्यात घाटाचं नाव स्पष्ट घाला. काढलेला जुना भाग परत मिळेल, बिलावर पार्ट नंबर असेल, हेही.

जॉबकार्ड मात्र तुमच्याकडेच राहू द्या: तारीख, किमी, भाग, कोणी बसवला. डीलर बदलला तर त्याच्या कॉम्प्युटरमधली हिस्ट्री तुमच्यासोबत येत नाही. आणि शेड टाकलीच तर जळकं ऑइल भंगारवाल्याला देऊ नका. प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या रीसायकलरलाच द्या आणि पावती ठेवा.