पहिलाच परदेश, बजेट ७० हजार, ब्लॉग सुरू करायचाय. कुठं जाऊ?

गड्ड्यातला_पाळणा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचाच. चादरी-टॉवेलच्या होलसेल दुकानात हिशेब बघतो, वय २७. गेली दोन वर्षं रात्री जेवण झालं की फिरस्त्यांचे ब्लॉग वाचत पडतो. डेन्मार्कचा तो थोर पेडरसन तर डोक्यात बसलाय. २०१३ ला घरातून निघाला, एकदाही विमानात न बसता जगातले सगळे देश केले, २०२३ ला मालदीवमध्ये संपवलं. कोरोनात हाँगकाँगला जवळजवळ दोन वर्षं अडकला तरी घरी गेला नाही. रोजचा सरासरी खर्च २० डॉलर. आणि मी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो तरी कुर्डुवाडी यायच्या आत आईचे तीन फोन.

तर या जानेवारीत जायचंच. सिद्धेश्वराच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक झाल्याशिवाय घरचे सोडणार नाहीत, म्हणजे महिन्याच्या शेवटी. एकटा, ८-९ दिवस. सगळं धरून ७० हजार. शाकाहारी आहे, अंडी चालतात. पासपोर्ट कोरा. परत आल्यावर मराठीत ब्लॉग लिहायचाय, लिहायचाच, व्हिडिओ नाही. कुठला देश घेऊ? आणि फोटोला १४ हजारांचा फोन आहे, त्यावर भागेल का?

होटगी_रोड
अभिनंदन! डोळे झाकून स्वित्झर्लंड. आम्ही उभयता मागच्या मे महिन्यात जाऊन आलो, ११ दिवस, दोघांचे साडेसहा लाख. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, युरोपात याहून उंच रेल्वे स्टेशन नाही. वर गेल्यावर मिसेसना चक्कर आली, पण फोटो असे आलेत की विचारू नका. बजेट थोडं वाढवा, आयुष्यात एकदाच होतं.

गड्ड्यातला_पाळणा
काका, एकट्याचे धरले तरी थोडं म्हणजे दोन लाख पंचावन्न हजार.

कडकभाकरी
व्हिएतनाम. विषय संपला. ई-व्हिसा २५ डॉलरला, ९० दिवसांपर्यंत मिळतो. राहणं-खाणं स्वस्त, सात-आठ दिवसांत हनोई आणि हालाँग बे आरामात.

आता माझी फजिती ऐक, ब्लॉगला उपयोगी पडेल. हनोईत पहिल्या संध्याकाळी एका गल्लीत पाटी दिसली, CHAY, आपल्या लिपीत सांगायचं तर ‘चाय’. म्हटलं वा, चहा! आत जाऊन बसलो, दोन बोटं दाखवली, ‘टू चाय’. बाईनं दोन ताटं आणून ठेवली. भात, टोफू, मशरूमचा रस्सा, पालेभाजी. तिथल्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. मी चहाच्या नादात दोन माणसांचं जेवण एकट्यानं संपवलं आणि पुढचे सात दिवस ती एक पाटी शोधत फिरलो. जेवणाचा प्रश्नच सुटला. त्यांच्या पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी तर बरेच लोक शाकाहारीच खातात, आपल्या एकादशीसारखं.

दुसरी फजिती महागात पडली. तिथली २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळीच. रात्रीच्या उजेडात सरबतवाल्याला २० समजून ५ लाख दिले, म्हणजे आपले दीड हजाराच्या वर. सरबत बरं होतं. निळ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवायच्या, एवढं लक्षात ठेव.

उजनी_बॅकवॉटर
व्हिएतनाम +१. (वरचे प्रतिसाद वाचले नाहीत.) २५ डॉलरला ई-व्हिसा मिळतो, माहीत नसेल कुणाला.

सातरस्ता
कडकभाकरी, सगळं खरं पण अर्धवट सांगू नका. ‘चाय’ पाटी नसलेल्या ठिकाणी भाजीतही माशाचं पाणी घालतात. मी चार दिवस पालेभाजी समजून मासाच खात होतो.
आणि धागाकर्ते, अंडी चालतात तर मग शाकाहारी कसे?

कडकभाकरी
झालं सुरू.

सातरस्ता
विचारलं फक्त.

मंगळवेढ्याची_ज्वारी
आमच्याकडे अंडं गुरुवार सोडून शाकाहारी असतं.

संपादक मंडळ
अंड्यावर वेगळा धागा काढावा. यापुढचे अंड्याचे प्रतिसाद उडवले जातील.

अनिवासी_अक्कलकोटकर
बालीला जा, पण तारीख बघून. माझ्या आयुष्यातला सगळ्यात विचित्र पाडवा तिथं झाला.
२०२३, २२ मार्च. मी २० तारखेला पोचलो. २१ च्या संध्याकाळी रस्त्यात राक्षसांचे प्रचंड पुतळे नाचवत मिरवणूक निघाली, ढोल, मशाली, मला वाटलं गणपतीच. हॉटेलवाल्यानं हसत सांगितलं, उद्या बाहेर पडायचं नाही. मला वाटलं गंमत करतोय. सकाळी दाराशी गेलो तर खरंच अडवलं. न्येपी! त्यांचं नवं वर्ष. अख्खं बेट २४ तास बंद. विमानतळ बंद, मोबाईलचं इंटरनेट बंद, रस्त्यावर गावातलेच पहारेकरी, रात्री दिवा लावायचा नाही. आणि ऐका, तिथं सुरू झालं ते शक १९४५. आपल्या पंचांगातही त्या दिवशी १९४५ च. त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले होते. इकडे घरी गुढी उभी, तिकडे मी खोलीत पडदे ओढून बिस्किटं खात बसलेलो. आईला फोनही करता येईना.
रात्री अंगणात आलो. वर पाहिलं आणि तसाच उभा राहिलो. लहानपणी अक्कलकोटला लोडशेडिंगमध्ये गच्चीवर झोपायचो, तेव्हाचं आभाळ होतं ते. तीस वर्षांनी दिसलं.
मोठ्या हौसेनं व्हिडिओ काढला. चौदा मिनिटांचा काळा पडदा आणि मध्ये मी शिंकतोय.

गड्ड्यातला_पाळणा
हे तुम्ही लिहा हो कुठंतरी!

अनिवासी_अक्कलकोटकर
लिहिलं की इथंच.

ड्रोनवाला
तुमचा मूळ प्रश्नच चुकतोय. देश कुठलाही घ्या, १४ हजारांच्या फोनवर ब्लॉग होत नसतो. आधी गिंबल (फोन न हलता धरायचा दांडा), मग अॅक्शन कॅमेरा, मग ड्रोन. माझा सेटअप दोन लाख दहा हजारांचा आहे.

सातरस्ता
तुमचा ब्लॉग कुठं वाचायला मिळेल?

ड्रोनवाला
सुरू करायचाय अजून. मोरोक्कोचं फुटेज करायचं होतं, पण विमानतळावरच ड्रोन काढून घेतला. तिथं बंदीच आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं. पावती दिली, परतताना ड्रोन दिला. नऊ दिवस मी वाळवंटात तो रिकामा डबा वागवत फिरलो.

नवीपेठ_नंबर_वन
काय बोललालास बे! त्याचं बजेट ७० हजार, तू त्याला दोन लाखाचा डबा घ्यायला लावलालास.

निवृत्त_मास्तर
सर्वांचे प्रतिसाद वाचले. आजच्या पिढीला प्रवास म्हणजे फोटो. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ते परत आले नाहीत. १९४२ मध्ये तिथंच वारले, वय अवघं ३२. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे, चिनी लोक आजही फुलं वाहतात. आपल्याकडे त्यांच्या घराचं स्मारक झालंय, तिथं यातले किती जण गेले असतील? सोलापूरच्या मुलानं पहिला परदेश करायचा तर तो चीन करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गड्ड्यातला_पाळणा
सर, स्मारकात शाळेच्या सहलीतून गेलोय. कल्पना मनाला लागली खरं. पण व्हिसाची कागदं आणि तिकीट बघून तूर्त हात जोडले. पुढच्या वेळी नक्की.

मंगळवेढ्याची_ज्वारी
थायलंड कुणीच कसं म्हणालं नाही?

नवीपेठ_नंबर_वन
कारण तिथनं आल्यावर ब्लॉग लिहून आईला दाखवता येत नाही.

विजापूर_वेस
माझं थोडं रुक्ष आहे, पण वाचा. मला मुंबई विमानतळावरून परत पाठवलं होतं. ई-व्हिसाच्या फॉर्मवर जन्मतारीख ०४/०९ ऐवजी ०९/०४ पडली होती. भरला होता एका एजंटानं, २५ डॉलरच्या कामाचे पाच हजार घेऊन. काउंटरवरच्या मुलीनं दोन मिनिटांत पकडलं. मग चारशे-साडेचारशे किलोमीटरचा उभ्यानं परतीचा प्रवास, शेजार सगळा विचारतोय, ‘अरे, इतक्यात आलास?’ तिकीट बुडालं.

म्हणून: फॉर्म स्वतः भरायचा, सरकारी साइटवरच. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट खोऱ्यानं आहेत, शोधल्यावर त्याच आधी वर येतात. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, ते आजच बघा, काही देश एकच नाव असलेल्याला घेत नाहीत. पासपोर्टाची मुदत परतीनंतर सहा महिने तरी हवी. तुमचा कोरा असला तरी मुदत बघा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून न्या, फोन तिथंच बंद पडतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात टाकली तर बॅग उघडतात. २० हजार एमएएचची चालते.

शेंगा चटणी मात्र चेक-इनमध्येच टाका. हातातल्या बॅगेत होती तर मला ती तपासणीवाल्याला चाखून दाखवावी लागली. मग त्यानं अर्धी मागितली.

कडकभाकरी
आणि कडक भाकरी घे. महिनाभर टिकते. हे नाव उगाच नाही घेतलेलं.

उगाच_भटकंती
२०१२ पासून मराठीत प्रवासाचा ब्लॉग लिहितेय, म्हणून बोलते. पैसे मिळतील या आशेनं सुरू करणार असाल तर टॉवेलचा हिशेबच बरा. माझा ब्लॉग इतकी वर्षं मीच पोसतेय.

पण लिहायचंच असेल तर फोन पुरतो. रोज रात्री झोपायच्या आधी पाच ओळी लिहा, बसचा नंबर, काय खाल्लं, किती पडले, कोण काय बोललं. घरी आल्यावर आठवेल म्हणाल तर आठवत नाही, फक्त ‘अप्रतिम’ आणि ‘अविस्मरणीय’ आठवतं. ते दोन शब्द तर लिहूच नका.

श्रीलंकेत कँडीहून एल्लाला आगगाडीनं गेले होते, बऱ्याच वर्षांपूर्वी. सगळे फिरस्ते दारात लटकून चहाचे मळे टिपतात, नऊ कमानींच्या पुलावर ताटकळतात. मीही तेच करणार होते. तिसऱ्या वर्गात बसले आणि समोरच्या बाईनं काही न बोलता आपलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या, धाकटा गाडी लागून ओकत होता. दोन तास बाळ माझ्याकडे. एकही फोटो नाही, हातच मोकळा नव्हता. उतरताना तिनं वर्तमानपत्रात बांधलेले मीठ-मिरचीचे अननसाचे तुकडे हातात दिले. पुलावर मी दोन हजार शब्द लिहिलेत, ते कुणी वाचत नाही. बाळाच्या लेखावर आजही पत्रं येतात.

होटगी_रोड
छान लिहिता. स्वित्झर्लंडवर लिहिलंय का?

उजनी_बॅकवॉटर
एक विचारायचं राहिलं, व्हिएतनामला व्हिसा लागतो का?

गड्ड्यातला_पाळणा
मंडळी, तिकीट काढलं! सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिएतनाम नाही, बाली नाही. अल्माटी, कझाकस्तान.

भडकू नका, कारण सांगतो. जन्मल्यापासून ४४ अंशांचा उन्हाळा बघतोय, एप्रिलमध्ये दुकानातल्या चादरींना हात लावला तरी चटका बसतो. बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलाय. भारतीयांना १४ दिवस व्हिसाच नाही, म्हणजे विजापूर_वेस यांची जन्मतारखेची भानगडच मिटली. दिल्लीहून थेट विमान आहे, जाऊन-येऊन ३४ हजारांत बसलं. शहराच्या डोक्यावर १,६९१ मीटरवर मेदेऊ नावाचं बर्फावर घसरायचं मैदान आहे, तिथं पडायचं आणि तेच लिहायचं. आणि आपण खातो त्या सफरचंदांचं मूळ रानटी झाड तिथल्याच डोंगरातलं. हे वाचलं त्याच रात्री ठरलं.

सातरस्ता
तिथं घोड्याचं मटण खातात. त्यांच्या मुख्य पदार्थाचं नाव बेशबारमाक, म्हणजे ‘पाच बोटं’, हातानं खातात म्हणून. अंडी चालतात म्हणालात, घोडा चालतो का?

गड्ड्यातला_पाळणा
भाकरी आणि चटणी नेतोय. पाच बोटांनीच खाईन.

विजापूर_वेस
पण आडनावाचा रकाना बघितला ना? थंडीत फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते, आतल्या खिशात ठेवा.

निवृत्त_मास्तर
अल्माटीहून चीनची सरहद्द फार लांब नाही. विचार करावा.

गड्ड्यातला_पाळणा
आई म्हणते दुकानातली एक चादर ने, गरम कपडे विकत घेऊ नकोस. उणे पंधरात चालेल का?

नवीपेठ_नंबर_वन
सोलापुरी चादर आहे बे ती, काही होत नसतं. दोन ने.

अनिवासी_अक्कलकोटकर
अहो, चादर सुती आहे! उणे पंधरात आतून लोकरीचं आणि वरून वारा अडवणारं जाकीट लागतं. थर्मल तरी घ्या.

नवीपेठ_नंबर_वन
आमच्या आजोबांनी एका चादरीवर चार थंड्या काढल्या.

अनिवासी_अक्कलकोटकर
कुठं?

नवीपेठ_नंबर_वन
बार्शीला.