वावर विकताना दलाली कशावर धरतेत?

आर्वीकडचा
नमस्कार मंडळी. बाबांच्या नावावरचं तीन एकर कोरडवाहू वावर विकाचं चालू आहे. गावातलाच एक जण मधात आहे, गिऱ्हाईक त्यानंच आणलं, एकरी 14 लाखावर गोष्ट आली म्हणजे 42 लाख. आता म्हणते दोन टक्के द्या, रेटच तेवढा आहे. म्हणजे 84 हजार! अन् समोरच्याकडूनही तो घेईनच. हा रेट सरकारी आहे का? अन् रजिस्ट्री म्हणे सरकारी भावानं लावू, मग दलाली त्या आकड्यावर का 42 वर? बाबा म्हणतेत गावातला माणूस आहे, जास्त ताणू नको.

धुऱ्यावरचा
सरकारी बिरकारी काही नाही भाऊ. शेतीच्या दलालीले कायद्यानं टक्का बांधून देल्ला नाही, सगळा बोलीचा मामला. आमच्या भागात एक टक्का विकणाऱ्याचा अन् एक घेणाऱ्याचा चालते, अर्धा-एक एकराचा सौदा असला तं टक्का कोणी धरत नाही, ठोक रक्कम ठरवतेत. दोन मागतला म्हणजे एकावर यायची तयारी असतेच त्याची. एक टक्का म्हणजे 42 हजार, अन् तो खऱ्या सौद्यावरच धरतेत, रजिस्ट्रीतल्या आकड्यावर नाही.

पण रजिस्ट्री कमी आकड्यानं लावाच्या भानगडीत पडूच नका. स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनर (म्हणजे तोच सरकारी भाव) अन् खरेदीखतातली रक्कम यात जे जास्त त्यावर लागते, म्हणजे आकडा कमी लिहिला तं पैसे वाचतेत घेणाऱ्याचे. तुमाले काय भेटलं? गावखेड्यातल्या, नगरपालिकेच्या हद्दीपासून लांब असलेल्या शेतजमिनीवर तसाही विकणाऱ्याले भांडवली नफ्याचा टॅक्स लागत नाही. खतात आले असते तं पांढरे राहिले असते ते पैसे, उगाच नोटा घरात घेऊन बसता मग.

संत्रावाला मोर्शी
टक्क्यावर काय अडले जी, खरी मलाई टक्क्यात नसतेच. आमच्याकडं एक पाच एकराचा बगीचा गेला, मालकाले सांगतलं एकरी 18 लाख, घेणाऱ्याले सांगतलं 20. दोघाले समोरासमोर येऊच देल्लं नाही, याले म्हणे तो पुण्याचा आहे बिझी असते, त्याले म्हणे मालक म्हातारा आहे, लोकं पायले का भडकते. रजिस्ट्रीच्या दिवशी ऑफिसासमोरच्या टपरीवर चहा घेता घेता त्याच्या तोंडून सहज 20 निघालं अन् म्हाताऱ्याच्या हातातली बशी तशीच राहिली. वरचे दोन पकडून दहा लाख मधातल्याचे. टक्क्यानं घेतले असते तं 90 हजार झाले असते.

आता मालकानंच म्हटलं असलं का मले 18 हातात दे, वरचे तुह्ये, तं ती गोष्ट वेगळी. ते उघड असते. लपवून केलं तं तिले दलाली म्हणाचं नाही. तुमच्या गिऱ्हाइकाले तुम्ही भेटले का?

आर्वीकडचा
नाही ना. वावर पाहाले आला तेव्हा मी कामावर होतो, बाबाले काही विचारलं नाही त्यानं. फोन नंबर मागतला तं म्हणते इसाराच्या दिवशी भेटच आहे.

लेआउटवाला नागपूर
मी प्लॉटचं काम करतो म्हणून थोडं सांगतो. आमच्यात एजंटला महारेराचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन लागतं, पण ते रेरात नोंद असलेल्या प्रोजेक्टच्या विक्रीसाठी, साध्या वावराच्या सौद्याला नाही. आणि तिथेही कमिशन किती घ्यायचं हे रेरा ठरवत नाही, बहुतेक वेळा ते बिल्डरच देतो. कोणी जीएसटी मागितला तर नंबर विचारा, नोंदणी असेल तरच तो 18 टक्के लावू शकतो, गावातल्या माणसाची नसतेच बहुतेक.

दुसरं, एका सौद्यात कधी तीन-तीन दलाल असतात, एकानं गिऱ्हाईक आणलं, दुसऱ्यानं वावर दाखवलं, तिसरा नुसता सोबत आला. तुम्ही पैसे एकालाच द्या, वाटणी त्यांचं ते बघतील. नाहीतर नंतर प्रत्येक जण वेगळा दारात.

आर्वीकडचा
अन् द्याचे कधी? तो अर्धे इसारावर मागून रायला.

धुऱ्यावरचा
सगळे रजिस्ट्रीच्या दिवशी, तुमचे पैसे खात्यात पडले का मग. इसार झाल्यावरही सौदे मोडतेत, वारसातला एखादा हरकत घेते, जमीन वर्ग 2 (सरकारी परवानगीबिगर विकता न येणारी) निघाली तं परवानगीत अडकते, मोजणीत धुरा सरकते. देल्लेली दलाली वापस येताना मी तं पाहली नाही. लयच मागं लागला तं इसारावर पाच-दहा हजार द्या, ते एकूणात धरून.

अन् इसाराच्या आधी साध्या कागदावर लिहून घ्या, बाबाची सही, त्याची सही, दोन साक्षीदार: "गट नंबर अमुक, सौदा एकरी 14 लाख, विकणाऱ्याकडून दलाली एक टक्का, खरेदीखत झाल्यावर द्यायची, सौदा मोडल्यास काही देणं नाही." भाव त्यात लिहाच. मनात काही नसन तं लगेच सही करते तो.