आडनाव कुठून आलं, आणि लोक त्याचं काय करतात?

मोगरा
काल पार्सलवाला गेटवरून ओरडला, "छापेकर मॅडम!" आणि एकदम सासूबाईच आठवल्या. आम्ही चाफेकर. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी समोर बसवून च शिकवला होता, चहातला नाही गं, चाकातला, जीभ दातामागे लाव. माझं माहेर इंदूरचं, तिकडे एका च वर सगळं भागतं. आडनाव आलं कुठून विचाराल तर दारात चाफा होता म्हणे, याहून जास्त घरात कोणी सांगत नाही. तुमचं लिहा.

धोंडोपंत
रँडवाले का?

मोगरा
नाही हो, प्लेगच्या वेळी इंग्रज अधिकारी रँडला गोळ्या घालणारे ते चापेकर बंधू, चिंचवडचे. त्या घटनेचा दिवस, 22 जून, आला की कोणीतरी विचारतंच.

टाक-दौत
आम्ही पारसनीस. शाळेत निम्म्या वर्गाला आम्ही पारशी वाटायचो 😄 मूळ फारसीनवीस, म्हणजे दरबारचा फारसी पत्रव्यवहार लिहिणारे, आता घरात कुणाला फारसीचा फ येत नाही. चिटणीस फडणीस पोतनीस सगळी आमचीच भावकी, नवीस म्हणजे लिहिणारा. 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावं संस्कृत केली ना, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, तरी डबीर आडनाव आहेच अजून.

पुणेरी_पाटी
मुजुमदार बंगालीपण असतात. ऑफिसात नवीन आलेल्याला मी थेट "कुठले तुम्ही, सातारा का?" केलं, तो कोलकात्याचा निघाला. आता डबा एकत्र खातो.

बिनलग्नाचा
तुमचं बरंय. आमचं नवरे. बहीण बँकेत आहे, फोन उचलून "नवरे बोलतेय" म्हणाली की पलीकडचा गप्पच होतो.

सायली_के
😂😂 हिचं लग्न झाल्यावर आडनाव बदलू नका म्हणावं

ळ_चा_लढा
काळे. परदेशात स्पेलिंग बघून "केल" म्हणतात, ती पालेभाजी. मी समजावायला जायचो, ळ म्हणजे जीभ मागे वळवून वगैरे, समोरचा बिचारा तोंड वेडंवाकडं करून प्रयत्न करायचा आणि मागे रांग वाढायची. आता केल तर केल. मुलगी मात्र भांडते.

आजोळ_कोकण
कर वाल्यांचं सोपं, गाव कळलं की झालं. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं तसं. पण आमच्या आडनावाचं गाव आणि आमची कुलदेवता यांचा काही मेळच बसेना. त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा गुरुजींनी नामावळीची, म्हणजे तिथे येऊन गेलेल्या घराण्यांतल्या माणसांच्या नावांची, लांबलचक वही काढली, मोडीतलं पान, त्यात पणजोबांची सही आणि वर आडनाव भलतंच! शेजारी बारीक अक्षरात "हल्ली वस्ती" म्हणून आत्ताच्या गावाचं नाव. म्हणजे गाव सोडलं आणि नव्या गावाचं कर लावलं. काका अजून मानायला तयार नाहीत, म्हणतात वही दुसऱ्या घराण्याची.

सायली_के
अय्या, आमच्याकडे पण दोन आडनावं आहेत म्हणे. नामावळी बघायला काय लागतं? कुकर लावलाय, नंतर वाचते.

आजोळ_कोकण
मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या. तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते आधी शोधावं लागतं, कोणाचीही वही चालत नाही. श्रावणी सोमवारी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते.