चार्ज्ड टीएम नक्की चालतो कसा? म्यूटूला आइस बीम येतच नाहीये

कोथरूडचा_ट्रेनर
पोकेमॉन गो वाले मदत करा. रेक्वाझाच्या रेडसाठी (सगळ्यांनी मिळून एका तगड्या पोकेमॉनशी लढायचं) माझा म्यूटू पोकेमॉन तयार करतोय, त्याला आइस बीम ही मूव्ह (हल्ला) पाहिजे, पण चार्ज्ड टीएम, म्हणजे मोठा हल्ला बदलणारी वस्तू, मारला की कधी फोकस ब्लास्ट, कधी थंडरबोल्ट आणि फिरून परत सायकिकच. टीएम संपत आलेत. मित्र म्हणतो ॲप बंद करून परत उघडलं की हवी ती मूव्ह येते, खरंय का? एक एलिट टीएम पडून आहे, तो वापरून टाकू का?

सांगलीकर_व्हॅलर
ॲप बंद-चालू करण्याचा काही संबंध नाही रे. असं समज, डब्यात चिठ्ठ्या आहेत, सध्याच्या मूव्हची चिठ्ठी बाजूला ठेवून उरलेल्यातून एक काढतात, आणि पुढच्या वेळी ती बाजूची चिठ्ठी परत डब्यात जाते. म्हणून लागोपाठ तीच मूव्ह कधी येत नाही पण एक सोडून सायकिक परत येऊ शकते. म्यूटूला साध्या टीएमने मिळणाऱ्या मूव्हजमध्ये सायकिक, फोकस ब्लास्ट, थंडरबोल्ट, फ्लेमथ्रोअर आणि आइस बीम अशा 5 आहेत, चालू असलेली वगळली की 4, म्हणजे दर वेळी चारात एक चान्स. आधी कितीही टीएम गेले असले तरी पुढच्या वेळी तेवढाच. फास्ट मूव्हचं (छोटा, पटापट मारायचा हल्ला) सोपंय, सायको कट आणि कन्फ्युजन दोनच, एका टीएमात काम होतं.

रेडवाली_ताई
वरचं बरोबर आहे, पण थांब, उरलेले टीएम लगेच उडवू नकोस. म्यूटूला दुसरी चार्ज्ड मूव्ह कधीतरी उघडणारच असशील तर ती आधी उघड, कारण उघडताना जी येते तीसुद्धा रँडमच असते, तिथेच आइस बीम लागली तर टीएम वाचले, आणि नाही लागली तरी पुढे टीएम मारताना दोनपैकी कुठली बदलायची ते गेम विचारतो आणि नवीन मूव्ह त्या दोन्हींपेक्षा वेगळीच देतो, म्हणजे चारात एकचं तीनात एक होतं. फक्त म्यूटू लेजेंडरी (दुर्मिळ, ताकदवान) असल्यामुळे 100 कँडी आणि 1,00,000 स्टारडस्ट (गेममध्ये जमवायच्या गोष्टी) जातं, नुसत्या टीएमसाठी एवढा खर्च अजिबात करू नकोस.

जुना_खेळाडू_2016
एलिट टीएमला हात लावू नको!! 2020 मध्ये तो आला तोच मुळी यादीतून मूव्ह निवडता यावी म्हणून, आणि त्या यादीत साध्या टीएमने न मिळणाऱ्या मूव्हजही असतात. म्यूटूसाठी उदाहरणार्थ सायस्ट्राइक. आइस बीम साध्या टीएमने येतेच, तिच्यावर एलिट घालवणं म्हणजे निव्वळ नुकसान. आणि उलटं पण लक्षात ठेव, सायस्ट्राइक असलेल्या म्यूटूच्या त्याच मूव्हवर साधा चार्ज्ड टीएम मारलास तर ती गेली, साध्या टीएमने परत येणार नाही. 2018 च्या जूनमधल्या कम्युनिटी डेला (गेममधला खास दिवस) ज्यांनी लार्विटारपासून टायरानिटार केला त्यांच्याकडे स्मॅक डाउन ही खास फास्ट मूव्ह आहे, तिथे फास्ट टीएम मारायच्या आधी दहा वेळा विचार करा. अजून एक, टीएम नेहमी इव्हॉल्व्ह केल्यानंतर (पोकेमॉन पुढच्या रूपात गेल्यावर) वापरायचा. लार्विटारवर मारलेला टीएम फुकट जातो, इव्हॉल्व्ह झालं की मूव्हज नव्याने ठरतात.

कोथरूडचा_ट्रेनर
बापरे, बरं झालं विचारलं. दुसरी मूव्ह उघडायचीच होती, कँडी पण आहे, मग तेच करतो आधी. शॅडो म्यूटूला (गेममधल्या व्हिलन टीम गो रॉकेटकडून सोडवलेला) पण हेच लागू का?

रेडवाली_ताई
नाही, शॅडोचं वेगळं. त्याच्यावर फ्रस्ट्रेशन ही मूव्ह असेल तर चार्ज्ड टीएम तिला एरवी हलवू शकत नाही, टीम गो रॉकेटच्या टेकओव्हर इव्हेंटमध्येच ती काढता येते. त्यामुळे थोडे चार्ज्ड टीएम त्यासाठी राखून ठेव. दुसरी मूव्ह मात्र कधीही उघडता येते आणि तिच्यावर टीएम चालतो, पण शॅडोला ती महाग पडते, 120 कँडी आणि 1,20,000 स्टारडस्ट.