घर तिनेच का सोडायचं?

नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलताना 'इतका मार खाण्यापेक्षा बाई घर का सोडत नाही?' असं एकांनी विचारलंय. जायचं कुठे? मुंबईत साध्या खोलीलाही आधी डिपॉझिट लागतं, मुलांची शाळा असते आणि माहेर 'जरा सांभाळून घे' म्हणतं. शिवाय ती निघते तेव्हाच जिवाचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगभरात जोडीदार असलेल्या (किंवा पूर्वी असलेल्या) १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २७ टक्के जणींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीय. सगळ्या चुकीच्या कशा असतील?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार घर तिच्या नावावर नसलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे, आणि कोर्ट नवऱ्यालाच बाहेर जायला सांगू शकतं. हे फार थोड्यांना माहीत असतं!

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या 'सेहत' संस्थेने २००० च्या सुमारास हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. 'मोरीत घसरले' म्हणत आलेल्या बाईला तिथे कुणीतरी बाजूला घेऊन नीट विचारतं. शेजारी कुणी अडचणीत असेल तर १८१ हा हेल्पलाइन नंबर तिला एकटीला गाठून सांगा, नवऱ्यासमोर नको.