रेयांश, अर्थ आणि शब्दकोश

भाचीसाठी किंवा भाच्यासाठी 'प्रकाश' या अर्थाचं नाव हवंय, आणि त्यावर 'रेयांश म्हणजे सूर्यकिरणाचा अंश' असं सुचवलं गेलंय. यातला 'अंश' संस्कृत आहे, पण 'रेय' म्हणजे किरण हे कुठून आलं? मला तरी त्यात इंग्रजी 'रे'चीच सावली दिसते. नाव आवडलं तर जरूर ठेवा, नाद छान आहे. फक्त ते प्राचीन संस्कृत म्हणून सांगू नका.

नावांच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एकीतली चूक सगळीकडे पसरते. वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश आंतरजालावर मोफत शोधता येतो. नाव पक्कं करण्याआधी तिथे पाच मिनिटं घालवा. 'अनिका'चा अर्थ हमखास 'दुर्गा' दिलेला असतो. कोशात 'अनीक' बघा, सैन्य निघेल!

प्रकाशाचीच नावं हवीत तर खात्रीची भरपूर आहेत. मुलीसाठी आभा, प्रभा, दीप्ती, रोचना. मुलासाठी मयूख, अंशुमान, मिहिर. (गंमत म्हणजे 'रश्मि' संस्कृतात पुल्लिंगी आहे, पण आपल्याकडे रश्मी नावाचा मुलगा शोधून सापडणार नाही.) मला यात 'मयूख' सर्वांत आवडतं. जुनं आहे, पण वर्गात चारचार मयूख नसतात.

आणि हो, रोमन लिपीत लिहून बघाच. 'अनल' म्हणजे अग्नी, अर्थ तेजस्वी, पण स्पेलिंग पाहिल्यावर आईबाबा आपोआप दुसरं नाव शोधतील.